उकडीची परात नदीवर गेली

मित्रांनो, मी एक परात आहे. जुनी आहे, हे वेगळं सांगायला नको. माझ्या कडेचा निळा रंग कुठे कुठे उडालाय आणि बुडाला एक बारीक भोकही पडलंय. पण म्हणून लगेच नाक मुरडू नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्याइतक्या नद्या, पऱ्ये म्हणजे ओढे, आणि डबकी बघितलेली दुसरी परात कुणी आणून दाखवावी, मग बोलू आपण!

माझी जात तामचिनीची. म्हणजे आत लोखंडाचा पत्रा आणि वरून काचेसारखा गुळगुळीत पांढरा लेप. मुंबईच्या एका कारखान्यात मला पांढऱ्या रंगात बुडवलं आणि धगधगत्या भट्टीत घातलं. तेव्हा इतकं भाजलं, इतकं भाजलं की काय सांगू! पण बाहेर आले ती अशी लखलखत आले की कामगारसुद्धा म्हणाले, वा! पुढे बोटीवर नोकरी करणाऱ्या भाटकरांनी मला विकत घेतलं आणि एस.टी.च्या टपावरून मी रत्नागिरीला आले.

भाटकरांच्या घरात माझा काय थाट होता म्हणून सांगू! त्यांची बायको, कमळाबाई, माझ्यात तांदळाच्या पिठाची उकड मळायची. गरमागरम वाफ, पाण्याचा हात, आणि मग एकामागून एक पातळ, पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या. गणपतीत मोदकांची उकडसुद्धा माझ्यातच. मासे साफ करायला कधी कुणी मला हात लावायचा नाही, त्याला वेगळी, काळीकुट्ट परात होती. मी तिच्याशी बोलतसुद्धा नसे. गर्वच होता मला, आता लपवून काय करायचं?

कमळाबाईंची मुलगी मृणाली. लहानपणापासून तिला पाण्याचं भारी वेड. विहिरीत वाकून बघ, पऱ्यात पाय सोडून बस, दगड उलटे करून त्यांच्या खालचे किडे बघ. शाळा झाली, कॉलेज झालं, तरी वेड काही गेलं नाही. उलट तिने त्याचाच अभ्यास करायचं ठरवलं. नदीत, डबक्यात, भाताच्या शेतात साठलेल्या पाण्यात कोण कोण राहतं, काय खातं, कुणाच्या जिवावर जगतं, ह्याचा अभ्यास.

आता दगडाखालचे हे किडे केवढे? तांदळाच्या दाण्याएवढे. रंग मातीचा. स्टीलच्या भांड्यात घातले तर पाणी नुसतं चमकतं, काही दिसत नाही. त्यांना हवं पांढरंशुभ्र, रुंद आणि उथळ भांडं. कॉलेजात तसलं काही नव्हतं. एक दिवस कमळाबाई बाजारात गेलेल्या बघून ह्या पोरीने मला फळीवरून उचललं, काखोटीला मारलं आणि थेट पऱ्यावर नेलं.

मित्रांनो, त्या दिवशीचा माझा अपमान मी कधी विसरणार नाही. ज्या जागी मोदकाची उकड, त्या जागी चिखल! आणि त्या चिखलात वळवळणारे, सहा पायांचे, शेपट्यावाले किडे! शी! मला पाय असते तर मी तिथून पळून गेले असते. मृणाली मात्र माझ्यावर ओणवी होऊन, श्वास रोखून बघत होती. चतुराचं पिल्लू दिसलं की हसायची. एक अळी तर वाळूचे कण एकमेकांना चिकटवून त्याची नळी करून तिच्यात राहत होती. ती बघून मृणालीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

संध्याकाळी घरी गेलो तर कमळाबाई दारातच उभ्या.

"काय गो हे? माझ्या उकडीच्या परातीत किडे?"

"आई, धुऊन देते ना. राखेने घासते."

"काही नको घासायला! घे तुलाच ती. पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात आणशील तर याद राख!"

झालं. माझं माहेर सुटलं. रात्रभर मी मागच्या पडवीत उपडी पडून होते. ती काळी परात आतून मला हसत असणार, अशी माझी खात्री होती.

पण हळूहळू मला ह्या पोरीचं कौतुक वाटायला लागलं. एक तर तिची काम करायची तऱ्हा. नदीत उतरली की ती दगड उचलायची, त्याच्यावरचे जीव मऊ ब्रशने माझ्यात उतरवायची, आणि तो दगड होता तिथे, होता तसाच परत ठेवायची. वरची बाजू वर, खालची खाली. बरोबरची मुलं कंटाळायची. "अगं, दगडच तर आहे," म्हणायची. ती म्हणायची, "आपल्या घराचं छप्पर कुणी काढून नेलं आणि परत ठेवताना उलटं ठेवलं तर?" माझ्यातले जीव बघून झाले की तेही जिथले तिथे. एकालाही उगाच त्रास द्यायची नाही.

एकदा ऐन मे महिन्यात ती सड्यावर गेली. सडा म्हणजे आपला कातळाचा माळ. पावसाळ्यात तिथे खळग्यांतून पाणी साठतं आणि उन्हाळ्यात सगळं भाजून कोरडं ठणठणीत होतं. तिथली वाळलेली माती तिने मूठभर आणली, माझ्यात पसरली आणि वर पावसाचं साठवलेलं पाणी ओतलं. मी म्हटलं, आता काय मातीची उकड मळणार की काय ही? दोन-तीन दिवसांनी बघते तर माझ्यात काचेसारखे आरपार, इवलेसे जीव उलटे पोहत होते! त्या रखरखीत मातीत त्यांची अंडी पाण्याची वाट बघत पडलेली होती. कमळाबाईसुद्धा पदर सावरत बघायला आल्या.

"अगो बाई! हे कुठनं आले? मातीतनं?"

"मातीतनं, आई."

त्या कितीतरी वेळ माझ्यावर वाकून होत्या. मग हळूच म्हणाल्या, "चांगली कामाला आली हो परात." तेवढं एक वाक्य मला पुढे जन्मभर पुरलं.

मृणालीची डॉक्टर मृणाली भाटकर झाली, कॉलेजात शिकवायला लागली, आणि तिच्याबरोबर मीही फिरले. खाडीच्या वरची गोड्या पाण्याची दलदल, बारमाही पऱ्ये, पुराचं पाणी पसरतं ते नदीकाठचे मळे. एका पऱ्यात (त्याचं नाव नाही सांगत, उगाच कुणाला वाईट वाटायला नको) नुसते लाल किडे निघायचे, दुसरं काही नाही. पाणी नासलं की तेवढेच तगतात, असं बाई सांगायच्या. लोक त्यांना 'किड्यांची बाई' म्हणायचे. त्या हसून म्हणायच्या, "खरंच आहे की!"

पुढे कॉलेजात प्लॅस्टिकचे नवे ट्रे आले. हलके, एकसारखे, एकात एक बसणारे. मी गेले कपाटाच्या डोक्यावर. फुटक्या काचनळ्या, जुनी कॅलेंडरं आणि मी. पाली माझ्यावरून धावायच्या. काही वर्षं अशी गेली. मृणालीबाईंचे केस पांढरे झालेले मी तिथून वरूनच बघितले.

मग एका एप्रिलमध्ये बाई घाईघाईने प्रयोगशाळेत आल्या. ट्रे सगळे मुलांनी सहलीला नेलेले. त्यांनी वर बघितलं, स्टूल घेतलं, मला खाली काढलं आणि पदराने धूळ पुसली. देवरूखच्या गाडीत बसेपर्यंत मला कळेना की झालंय काय.

देवरूखच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला कोंडखोल नावाचं गाव आहे. नदीला तिथे एक मोठा, खोल डोह आहे. आपल्याकडे त्याला कोंड म्हणतात. ह्या कोंडीत खडस जातीचे मासे आहेत, हातभर लांब, रुपयाएवढ्या मोठ्या, चमकणाऱ्या खवल्यांचे. ते गावदेवाचे मासे. त्यांना कुणी पकडत नाही, मारत नाही. उलट देवळात आलेला माणूस आधी त्यांना मूठभर भात घालतो आणि मग देवाच्या पाया पडतो. इतकंच नाही. पावसात पूर येतो, मासे भाताच्या शेतात शिरतात, आणि पाणी ओसरलं की काही शेतातच अडकतात. असा लहानमोठा कुठलाही देवाचा मासा ज्याला सापडेल, त्याने तो पाण्याच्या भांड्यात घ्यायचा, अनवाणी चालत कोंडीवर न्यायचा आणि सोडायचा. तोवर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या गाव हे पाळत आलंय. बाईंना ह्या गावाचं फार कौतुक. त्या तिथे वर्षानुवर्षं जात होत्या.

आदल्या पावसाळ्यात त्या नदीला मोठा पूर आला होता. वाळू आणि गोटे शेतात शिरले. सगळ्यात जास्त नुकसान झालं हरिश्चंद्र तात्यांचं. ते गावचे मानकरी, सत्तरीचे, ताठ कण्याचे. त्यांच्या नदीकाठच्या मळ्यावर मांडीभर वाळू चढली. गावाने ठरवलं की पोकलेन आणून नदी उपसायची, गोटे काढायचे, पात्र खोल आणि सरळ करायचं. पण कोंडीला धक्का नको. म्हणून देवळात कौल लावला. गंगाराम गुरवाने देवाला गाऱ्हाणं घातलं: कोंडीला हात न लावता बाकीची नदी उपसली तर तुझी परवानगी आहे का? उजवा कौल मिळाला, म्हणजे देवाचा होकार. गाव निर्धास्त झालं.

आणि बाईंचा जीव इथेच टांगणीला लागला होता. कोंडीच्या लगेच वरच्या अंगाला गोट्यांची लांबलचक उथळ जागा आहे. घोटाभर पाणी, खळखळ वाहणारं. मशीन तीच जागा आधी उपसणार होतं. आणि बाईंनी इतकी वर्षं बघितलं होतं की कोंडीत मोठे खडस भरपूर, पण लहान एकही नाही. लहान सगळे ह्या गोट्यांत. ती जागा गेली तर आजचे मोठे मासे म्हातारे होऊन मरतील आणि त्यांच्यामागे कुणी उरणार नाही. कोंड राहील, देऊळ राहील, भात घालायला मासा राहणार नाही.

आम्ही पोचलो तेव्हा पोकलेन काठावर येऊन उभं होतं. ते चालवणारा नितेश त्याच्या सावलीत डबा खात होता. बाईंनी चपला काढल्या, परकर-साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि पाण्यात उतरल्या. हातजाळी गोट्यांच्या मागे धरली, एक गोटा हळूच हलवला, आणि जाळीत आलं ते माझ्यात सोडलं.

माझ्या पांढऱ्या पोटात बोटाएवढे पाच-सात मासे भिरभिरायला लागले.

"तात्या," बाईंनी काठावर उभ्या असलेल्या हरिश्चंद्र तात्यांना हाक मारली, "जरा येता का खाली? वाकून बघा."

तात्या कुरकुरत आले. "काय बघायचाय? साध्या मळव्या माशाची पोरं असतील."

"ओठ बघा. मिशा मोजा. खवले बघा."

तात्या वाकले. नाकाला पाणी लागेल इतके वाकले. चार बारीक मिशा, जाड ओठ, अंगाच्या मानाने मोठे खवले. जन्मभर ज्यांना भात घातला त्यांचंच तोंड, पण इवलंसं. तात्यांनी एकदम हात जोडले.

"ही तर देवाची! हितं? कोंडीच्या भायेर?"

"इथेच वाढतात ती. सगळी."

माझा तर आनंदाने नुसता खणखणाट व्हायचा बाकी होता. म्हटलं, जिंकलो! पण कसलं काय. तात्या सरळ उभे राहिले आणि गुरवाला म्हणाले, "गंगाराम, गावात सांग. उद्या सकाळी हंडे-कळशा घेऊन सगळ्यांनी या. ही सगळी पोरं धरायची नि कोंडीत नेऊन सोडायची. आपली रीतच हाय ती. मंग मशीन खुशाल उतरू दे."

बाई घाईने पुढे झाल्या.

"नको तात्या! कोंडीत नको. मोठे मासे खातील त्यांना."

"काय बोलतेस बाय?" तात्यांचा आवाज चढला. "देवाचा मासा देवाच्या पोराला खातो? तोंड सांभाळून बोल. तुझा मान ठेवतो म्हणून काय वाटेल ते ऐकून घेऊ?"

"तुम्ही बघितलंय का सोडल्यावर त्यांचं काय होतं ते?"

"तू बघितलंस?"

मित्रांनो, इथे दुसरं कुणी असतं तर ठोकून दिलं असतं, हो, बघितलंय म्हणून. बाईंनी माझ्यातल्या पिल्लांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नाही. ह्या कोंडीत मी स्वतःच्या डोळ्यांनी नाही बघितलेलं. दुसरीकडे असं होतं हे माहीत आहे. इथे लहान मासे दिसत नाहीत, त्यावरून मला वाटतं."

"वाटतं!" तात्या म्हणाले. "आमचा मळा गाडला गेला, आमच्या सुनेच्या चुलीत पाणी शिरलं, आणि तुला वाटतं म्हणून आमी गप बसायचं? मासं जगलं नि माणसं बुडाली तर कोण येणार हाय?"

त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांची सून मालन तिथेच उभी होती, तिने मान खाली घातली. बाई त्यांना समजावत राहिल्या, की पुराच्या पाण्याला पसरायला जागा लागते, जागा मिळाली की त्याचा जोर ओसरतो, आणि नदी सरळ-खोल केली तर तेच पाणी दुप्पट जोराने धावत येऊन काठ खाईल. तात्या ऐकत नव्हते.

शेवटी बाई म्हणाल्या, "बरं. मी अडवत नाही. एकच करा माझ्यासाठी. उद्या आधी एकच परात सोडा. ह्याच परातीतून. बघा काय होतं. मग बाकीच्यांचं ठरवा."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "एक परात. चालेल."

त्या रात्री बाई मालनकडेच राहिल्या. जेवल्या नाहीत. मला उगाच वाटलं, ह्यांना आपलं म्हणणं खरं ठरावं असंही वाटत नसणार आणि खोटं ठरावं असंही. ज्या पोरांसाठी आल्या, त्यांतलीच काही त्या स्वतःच्या हाताने धोक्यात घालणार होत्या. फार अवघड असतं हो हे काम. लोकांना वाटतं बाई किडे मोजतात.

सकाळी सारं गाव नदीवर. बायका हंडे, कळशा, पातेली घेऊन आलेल्या. ढोलसुद्धा आणला होता कुणीतरी. बाईंनी गोट्यांतून पाच-सात पिल्लं धरली आणि माझ्यात घातली. हरिश्चंद्र तात्यांनी अंघोळ करून, ओल्या पंचानिशी, अनवाणी, मला दोन्ही हातांवर घेतलं. मोदकाच्या उकडीलासुद्धा माझा इतका मान झाला नव्हता. एक थेंब सांडू न देता ते कोंडीपर्यंत चालत गेले. मागून गाव.

कोंडीच्या पायरीवर ते बसले. एप्रिलचं पाणी नितळ, तळाचा दगड न्‌ दगड दिसत होता. खाली मोठे खडस संथ फिरत होते. तात्यांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि मला हळूच पाण्यात कलतं केलं. पिल्लं माझ्या काठावरून निसटली. क्षणभर ती तिथेच, एकमेकांना चिकटून थबकली.

खालून एक मोठी सावली वर आली. तोंड उघडलं, मिटलं. एक पिल्लू गेलं. मग दुसरा मासा आला. मग तिसरा. आमच्या डोळ्यांदेखत, तात्यांचा हात अजून पाण्यात होता तोवर, सगळं संपलं.

ढोलवाल्याचा हात तसाच वर राहिला. एका बाईच्या हातातली कळशी पायरीवर टेकल्याचा आवाज तेवढा झाला.

तात्या मला मांडीवर घेऊन बसून राहिले. पंचातलं पाणी टपटप माझ्यात पडत होतं. मला वाटलं पंचातलंच. मग त्यांचा चेहरा बघितला.

"पावसाचं पाणी गढूळ असतं," ते अगदी हळू म्हणाले. "सोडल्यावर काय दिसायचंच नाय. आमी हात जोडायचो नि घरी जायचो. माझा बापूस तसंच करायचा. त्याचा बापूस पण." मग त्यांनी बाईंकडे बघितलं. "बाय, किती गेली असतील गो?"

मित्रांनो, माझ्या अंगावरचा लेप तडकेल असं झालं मला. म्हटलं, बाई, आज एकदाच खोटं बोला! सांगा म्हाताऱ्याला की फार नाही गेली म्हणून!

बाई त्यांच्या शेजारी ओल्या पायरीवर बसल्या. त्यांचे डोळे वाहत होते.

"पुष्कळ गेली असतील, तात्या," त्या म्हणाल्या. "पण बाकीच्या नद्यांत मोठेही उरलेले नाहीत. जाळ्याने नेले, सुरुंगाने नेले. तुमच्या कोंडीत आहेत, ते तुमच्या वाडवडिलांनी राखले म्हणूनच आहेत. ते नसते तर आज वाचवायला पोरं तरी कुठनं आली असती?"

गंगाराम गुरव पुढे आला आणि चाचरत म्हणाला, "तात्यानू, परत कौल लावून बघू काय?"

"आता काय विचारायचं त्याला?" तात्या म्हणाले. "आमी चुकीचं विचारलं म्हणून त्याने समोर दाखवलंन. आणखी काय करायचं देवानं?"

नितेश काठावर अवघडून उभा होता. "मंग मशीन परत नेऊ, तात्या?"

"नेऊ नको. माझ्या मळ्यावरची वाळू काढ. शेताच्या वरच्या दोन चोंढ्यांतली. अगदी नदीला लागून हाय तो खालचा तुकडा राहू दे तसाच. पाणी पसरायचं म्हणतंय ना? पसरू दे माझ्याच्यात." ते उठले. "पण पाण्यात मशीन घालशील तर बघ."

खालचा तुकडा म्हणजे त्यांचं सगळ्यात सकस शेत. मालनला ते माहीत होतं. तिने सासऱ्यांकडे बघितलं आणि काही न बोलता त्यांच्या हातातून मला घेतलं. दुपारी गुरवाने नारळ वाढवला आणि कोंडीची हद्द गोट्यांच्या वरच्या टोकापर्यंत नेली. आता शेतात अडकलेलं पिल्लू सापडलं की लोक ते गोट्यांत सोडतात. अनवाणी जायची रीत तशीच आहे.

त्या दिवशी तात्यांनी मला पाण्यातून वर घेतलं तेव्हा मी मात्र पायरीवर आपटले होते, तिथला लेप उडाला आणि पुढे गंजून बुडाला भोक पडलं. पाणी राहीना. बाईंनी मला मालनकडे ठेवलं. आता मी तिच्या खळ्यात असते आणि माझ्यात कोकमाची सोलं वाळतात. किड्यांच्या तक्रारी करणारी मी, सोलांच्या आंबट वासात नदीकडे डोळे लावून बसलेली असते. बाई येतात. गुडघे दुखतात त्यांचे, तरी नदीत उतरतात. वरती आल्या की मला थोपटतात आणि म्हणतात, "काय म्हणतेस?" त्यांच्यासारखी माणसं फार बोलत नाहीत, फार मिरवत नाहीत. पण एक अख्खी नदी त्यांना ओळखते, असं मला वाटतं.

परवाचीच गोष्ट. कुणी पाहुणा आपला टेम्पो धुवायला थेट त्या उथळ पाण्यात घालत होता. पुढचं चाक पाण्याला लागलं न लागलं, तोच हरिश्चंद्र तात्या काठी टेकत, ओरडत धावले.

"अरे ए! थांब! ततं पोरं हायत!"

टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक लावला. खाली उडी मारून तो घाबरून इकडेतिकडे बघायला लागला. "कुठे? कुठे आहेत पोरं? मला तर कुणीच दिसत नाही!"

"उभ्यानं नाय दिसणार," तात्या म्हणाले. "वाक."

तो वाकला. आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

मित्रांनो, तुम्ही तुमच्या गावच्या नदीवर जाल, पऱ्यावर जाल, साध्या डबक्याजवळून जाल. हात जोडलेत तरी चालेल, नाही जोडलेत तरी चालेल. पण तेवढं एकदा वाका.